गोटीराम काकांचं बोट

(रविवारची संध्याकाळ, नाशिक रोड. कॉलनीच्या मैदानावर मुलींच्या कबड्डीची फायनल चालू आहे. ओम दिव्यांच्या स्कोअरबोर्डच्या मागे लॅपटॉप घेऊन बसलाय. त्याची चुलत बहीण छाया मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, पंचांच्या टेबलाशी; तिच्या शेजारी गोटीराम काका, फोनवरचं बटण दाबून नाशिक रोडचे गुण बोर्डावर चढवायला. दोघांच्या कानाला फोन.)

ओम : आता काकांना दाबायला सांग.

छाया : त्यांनी दाबलं कधीच. गोटीराम काका तुझ्या 'आता'ची वाट बघत नाहीत.

ओम : आलं. आठचे नऊ झाले. तिकडून दिसतंय?

छाया : अख्ख्या मैदानाला दिसतंय. बारकी पोरं खेळ सोडून तुझा बोर्ड बघतायत. एक जण आईला विचारतोय, यावर कार्टून लागतं का.

ओम : बघ. तू म्हणत होतीस चालणार नाही.

छाया : मी म्हणत नव्हते. मी पैज लावली होती.

ओम : पण भारी वाटतंय यार. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाइल रिपेअरिंगच्या टेबलावरच शिकत बसायचो. व्हिडिओ बघायचो, पंधरा वेळा मागे न्यायचो. कोणी शिकवलं नाही. आणि आज फायनलला चालतंय. बघ, काकांचा फोन म्हणजे क्लायंट, माझा लॅपटॉप म्हणजे सर्व्हर, मधे सॉकेट...

छाया : ओम्या, तिकडे फोनवर दाबलं की इकडे बोर्डावर चढतं. मला एवढं पुरे. आणि तू मागे बसून बडबडतोयस, तुझी बहीण रेडला निघालीये.

ओम : ताई? मला इथून काहीच दिसत नाही गं. बोर्डाची पाठ दिसते फक्त. सांग ना.

छाया : मंजूताई आत गेली. देवळालीच्या पोरींनी घेरलंय... सुटली. दोघींना लावून आली. दोन. काकांनी दाबले दोन.

ओम : मस्त. अकरा-तेरा.

छाया : ओम.

ओम : काय?

छाया : वीस.

ओम : कोणाचे वीस?

छाया : आपले. नऊचे एकदम वीस झाले.

ओम : काकांनी किती वेळा दाबलं?

छाया : दोनदा. मी शेजारीच उभी आहे. आपल्या कॉलनीची पोरं नाचायला लागलीत, त्यांना वाटतंय काहीतरी मोठं झालं. देवळालीचे सर टेबलाकडे यायला निघालेत.

ओम : थांब थांब. इथून उतरवतो. लॅपटॉपवर बाण ठेवलेत, वरचा दाबला की एक चढतो, खालचा दाबला की एक उतरतो. उतरवतोय.

छाया : एकेक उतरतायत. लोक मोठ्यानं उलटे आकडे म्हणतायत. रॉकेट सोडल्यासारखे.

ओम : अकरावर आलं?

छाया : आलं. टाळ्या पडल्या. चांगल्या नव्हत्या त्या.

ओम : रेंजचा घोळ असणार. एवढी गर्दी, प्रत्येकाच्या खिशात फोन. आणि ते टेबल लोखंडी आहे. काकांना म्हण, फोन जरा उचलून धरा.

छाया : उचलला. आता आरती ओवाळल्यासारखा धरलाय.

ओम : चालेल. देवळालीचे गुण कोण दाबतंय?

छाया : आपल्या शाळेतले पीटीचे सर. दुसऱ्या फोनवर. त्यांचं एकदाही चुकलं नाही.

ओम : ॲप तर सेमच आहे दोन्हीकडे.

छाया : तेच देवळालीचे सर विचारतायत. म्हणतायत, मशीन बिघडलं तर दोघांचं बिघडू दे. मी म्हटलं, रेंज. ते म्हणाले, रेंज काय फक्त नाशिक रोडवर खूश आहे का?

ओम : त्यांना म्हण, बघतोय मी.

छाया : ते नंतर. ताई परत आत आहे. ओम्या, तिघी. तिघींना लावून आली. एकीनं पाय धरला होता, ओढत आली लाईनपर्यंत. काय खेळतेय आज.

ओम : बोर्ड?

छाया : बावीस.

ओम : अरे यार.

छाया : चौदा पाहिजेत. देवळालीच्या पोरी मैदानाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्यात. पंचांनी शिट्टी वाजवली, हाफ टाइम झालाच आहे म्हणा. पण त्यांचं तोंड बघून वाटत नाही परत येतील.

ओम : एक मिनिट. फोनवरून जे येतं ते सगळं मी लॅपटॉपवर लिहून ठेवतो. ते बघायला पाहिजे होतं आधी. इथे लिहिलंय... एकशे अकरा.

छाया : काकांनी एकशे अकरा कसं दाबलं असेल? फोनवर गुणांचं एकच बटण आहे, त्यावर एक लिहिलंय.

ओम : तीनदा दाबलं ना?

छाया : हो.

ओम : कसं दाबलं? दाखव म्हणजे, सांग.

छाया : टकटकटक. मधे श्वास नाही.

ओम : सापडलं.

छाया : काय?

ओम : छाया, सापडलं. तीन एक वेगवेगळे निघाले, वाटेत एकमेकांना चिकटले. माझ्या प्रोग्रामनं ते एका घासात वाचले. एक, एक, एक. एकशे अकरा. अकरात मिळवले, एकशे बावीस. बोर्डाला दोनच आकडे, म्हणून बावीस दिसले. आणि मघाशी दोनदा दाबलं तेव्हा अकरा वाचले. नऊ आणि अकरा, वीस. बसतंय सगळं. बरोबर बसतंय.

छाया : मग घरी आठवडाभर दाबत होतास तेव्हा का नाही झालं?

ओम : घरी मी दाबायचो. एकदा दाबायचं, बोर्डाकडे बघायचं, खूश व्हायचं, मग दुसऱ्यांदा दाबायचं.

छाया : आणि इथे काका.

ओम : काकांचं बोट एवढं फास्ट कसं?

छाया : विसरलास का? आयुष्यभर प्रेसमध्ये कागदांचे गठ्ठे मोजलेत त्यांनी. परवा लग्नात पत्रावळी मोजत होते, वाढपी बघत राहिला. पीटी सर एकदा दाबतात, चष्मा वर करतात, बोर्ड बघतात, मग परत दाबतात. म्हणून देवळालीचं चिकटत नाही.

ओम : काकांना सांग ना हळू दाबायला.

छाया : मघाशीच सांगितलं. म्हणाले, बोट आहे ते, बैल नाही, की कासरा ओढला आणि थांबला.

ओम : मग मला दुरुस्त करावं लागेल. होईल. एका ओळीचं काम आहे.

छाया : ते कर, पण इथलं ऐक आधी. बारकूशेठ म्हणतायत, मंडप माझा, मंडळ माझं, आत्ताच्या आत्ता तो डबा उतरवा आणि जुना लाकडी बोर्ड आणा. पत्र्याचे आकडे टांगू. देवळालीचे सर म्हणतायत, लाकडी आणा नाहीतर सोन्याचा आणा, आम्हाला घरी जायचंय. पंच सांगतायत की खरा हिशोब त्यांच्या कागदावर आहे, बोर्डावर नाही. कोणी ऐकत नाही.

ओम : आणि ताई?

छाया : ताई पाणी प्यायली, आणि मला म्हणाली, ओमला सांग, बोर्ड ठेवा नाहीतर काढा, पण काय झालं ते त्यानं स्वतः देवळालीला सांगायचं. नाहीतर मी उतरत नाही. असा कप घेऊन उद्या देवळाली कॅम्पात कोणत्या तोंडानं जाऊ? सगळे म्हणतील नाशिक रोडवाल्यांनी बोर्डातून मॅच मारली.

ओम : म्हणाली तसं?

छाया : शब्द न् शब्द. डोळ्यात पाणी होतं, पण ते घामाचं असेल.

ओम : मी फोन स्पीकरवर ठेवतो. त्यांच्या सरांना सांग, माझी चूक आहे, रेंजची नाही. मघाशी मी उगाच रेंज म्हणालो. आणि त्यांचं कोणीतरी इकडे पाठवा. माझ्या शेजारी बसू दे. मी काय करतो ते सगळं बघू दे.

छाया : सांगते... ऐकलं त्यांनी. एका पोरीला पाठवतायत. गुडघ्याला पट्टी आहे, लंगडत येतेय. जपून बोल, तिचं तोंड चांगलंच तिखट आहे.

रोशनी : तूच का बोर्डवाला?

ओम : हो. ओम. तू?

रोशनी : रोशनी. गुडघा गेलाय म्हणून बाहेर बसलेय, नाहीतर तुमची कॅप्टन एवढी सुटली नसती. सर बोलले, त्याच्या हाताकडे बघत बस. हात लॅपटॉपवर गेला की जोरात ओरड.

ओम : मला आत्ता लॅपटॉपवरच हात घालायचाय.

रोशनी : मग ओरडू?

ओम : आधी ऐक. मग ओरड.

रोशनी : बोल. पण सीधं बोल. इंग्लिश नको.

ओम : फोन आणि लॅपटॉपच्या मधे एक पाइप आहे असं समज. सॉकेट म्हणतात. आमच्या काकांनी वरून एक तांब्या ओतला, लगेच दुसरा ओतला. खाली पाणी आलं. खाली बसलेल्याला कळतं का, पहिला तांब्या कुठे संपला?

रोशनी : नाही कळत.

ओम : तसंच झालं. दोन एक आले ते मी अकरा वाचले. प्रत्येक एकाच्या मागे काहीतरी खूण ठेवायला पाहिजे होती, इथे हा संपला अशी. मी ठेवली नाही. मला माहीतच नव्हतं लागते म्हणून.

रोशनी : माहीत नव्हतं आणि फायनलला लावलास?

ओम : हो.

रोशनी : सच बोलतोस, एवढं तरी आहे. पण मग आमचं का नाही वाढलं?

ओम : तुमचे गुण दाबणारे सर सावकाश दाबतात. आमचे काका फास्ट.

रोशनी : ही स्टोरी मी सरांना जाऊन सांगू? सर मला दुसऱ्या गुडघ्याला पट्टी बांधून देतील.

ओम : सांगू नको. करून बघ. हा माझा फोन, यात तेच ॲप आहे. बोर्डाची वायर काढली, आता लोकांना काही दिसणार नाही. इथे लॅपटॉपवर बघ आणि बटण दाब. हळू.

रोशनी : एक आला. परत एक आला.

ओम : आता जेवढ्या जोरात जमेल तेवढं.

रोशनी : ... अरे. एक हजार एकशे अकरा.

ओम : किती वेळा दाबलंस?

रोशनी : चार. कसम से चारच. परत करू?

छाया : झालं का तुमचं? बारकूशेठनी लाकडी बोर्डाच्या खोलीची किल्ली मागवलीये.

ओम : छाया, किल्ली हरवू दे थोडा वेळ. रोशनी, आता ही ओळ बघ. आधी मी जे आलं ते सगळं एक आकडा म्हणून घेत होतो. आता एकेक अक्षर सुटं करायचं. एक दिसला की एक चढवायचा. परत एक दिसला, परत एक. चिकटून येऊ दे नाहीतर लाईन लावून येऊ दे.

रोशनी : बस? एवढंच?

ओम : एवढंच. आता दाब.

रोशनी : चार दाबले. चार. थांब, मला अजून जोरात दाबू दे. दोन बोटांनी. ... सात. सातच दाबले मी. आता मी डोळे मिटून दाबते, तू मोज.

ओम : नऊ.

रोशनी : माझे पण नऊ. ए, मजा आहे ही. तुटतच नाही.

ओम : नाही ना? तुटत नाही. आता बंद करून परत चालू करतो, कोरा... अरे.

रोशनी : काय झालं? लाल लाल आलं.

ओम : सुरूच होत नाही. म्हणतंय जागा रिकामी नाही. मी मघाचा सर्व्हर बंद केला, पण त्याच्या जुन्या जोडण्या अजून दार अडवून बसल्यात. थोडा वेळ सोडत नाहीत.

छाया : किती वेळ? पंच घड्याळ बघतायत.

ओम : वाट बघायला वेळ नाही. दार बदलतो. छाया, काकांच्या फोनमध्ये खाली एक नंबर आहे बघ, पाच हजार. त्याच्या जागी पाच हजार एक कर. पीटी सरांच्या फोनमध्येही.

छाया : काका फोन देत नाहीत. म्हणतायत, नंबर सांग, मी करतो. ... केला. त्यांनी शून्यांवर पण बोट तसंच मारलं, एक शून्य जास्त पडलं होतं, ते पुसलं. आता 'जोडा' लिहिलेलं बटण दाबायचं?

ओम : 'जोडा' दाबा दोघांनी. ... आला एक. आला दुसरा. आले दोघं. रोशनी, दोन्ही आले.

रोशनी : मला काय सांगतोस, मी बघतेय.

ओम : छाया, पंचांच्या कागदावर काय आहे?

छाया : आपले चौदा, देवळाली सोळा.

रोशनी : बरोबर. मी पण मोजत होते.

ओम : तेवढे चढवले, वायर लावतो. लागला बोर्ड?

छाया : लागला. चौदा-सोळा. ताई उतरतेय. देवळालीच्या पोरी सरांकडे बघतायत. सर तुझ्या दिशेनं बघतायत. रोशनी काय करतेय तिकडे?

ओम : अंगठा वर केलाय तिनं.

रोशनी : अर्धा केलाय. बाकीचा मॅच संपल्यावर.

छाया : उतरल्या. सगळ्या उतरल्या.

ओम : रोशनी, तुला इथून मैदान दिसतं ना, बोर्डाच्या बाजूनं? मला सांगत जा. मी स्क्रीन सोडून हलत नाही.

रोशनी : म्हणजे आमची वाट लागली तरी मीच सांगायचं?

ओम : लागली तर.

रोशनी : नाही लागणार. बघ, आत्ताच तुमची एक धरली. आमचा एक.

ओम : आला. एकच आला.

छाया : ओम्या, आपण त्यांच्या पोरी संपवल्या. लोण बसला. तीन आउट आणि लोणाचे दोन, पाच. काका दाबतायत, बघ आता.

ओम : पाच आले. एक, एक, एक, एक, एक. चिकटूनच आले, तरी पाच चढले. छाया, पाच चढले.

छाया : कळलं. मैदानभर कळलं. काका म्हणतायत, यंत्र आता जरा माझ्याबरोबर चालायला लागलं.

रोशनी : तुमच्या काकांना आमच्याकडे पाठव. आमच्या टीमच्या सिलेक्शनला उभं करतो, एवढा फास्ट हात आमच्यात कोणाचा नाही.

छाया : ती काय म्हणाली?

ओम : तुझ्याशी जमेल हिचं. तू मॅच बघ.

छाया : बघतेय. बघवत नाही पण. (दुसरा हाफ संपता संपता) एकतीस-बत्तीस. देवळाली एकानं पुढे. शेवटची रेड, ताई निघालीये. मी बोलणार नाही आता.

ओम : रोशनी, तू बोल.

रोशनी : तुमची कॅप्टन डावीकडून गेली. आमच्या सातही आहेत. थांबली. परत पुढे. बोनसची लाईन... टाकला पाय. मागचा पाय हवेत होता. बोनस आहे. आता मागे फिरली. आमच्या कोपऱ्यातलीनं झेप टाकली, हात लागला, पकडायच्या आत सुटली. लाईनवर पडली. पार आली ती. शिट्टी झाली. संपलं.

ओम : माझ्याकडे काहीच आलं नाही.

छाया : ओम, बोर्ड हलत नाही. एकतीसच आहे. पंचांनी दोन बोटं दाखवली, पण देवळालीच्या पोरी बोर्ड बघून नाचायला लागल्यात.

ओम : काकांनी दाबलं का?

छाया : दाबतायत, पण मालनकाकू आल्यात.

ओम : कुठे?

छाया : फोनवर. काकूंचा फोन आलाय. बटणाच्या जागी काकूंचा फोटो आहे आणि काका फोटोवर दाबतायत. आता उचलला. म्हणतायत, अगं ठेव, मला दोन चढवायचेत. ती विचारतेय कशावर.

ओम : कट करायला सांग.

छाया : काकूंचा फोन? काका? तू टाक ना तिथून. वरचा बाण, दोनदा.

ओम : नाही.

छाया : अरे पंचांनी दिलेत. कागदावर लिहिलेत. खरे आहेत.

ओम : खरे आहेत गं. पण तिकडे फोन बंद, इकडे मी बोर्डामागे बसून माझ्याच बहिणीला दोन देतोय, आणि त्यानंच आपण जिंकतोय. परत सगळं तिथेच. मी हात लावत नाही.

रोशनी : माझ्याकडे काय बघतोस?

ओम : तू बघितलंस. किती झाले?

रोशनी : ... बोनसचा एक. टचचा एक.

ओम : हा वरचा बाण आहे.

रोशनी : ती पुढे नाचतेय ना, निळ्या रिबनची, ती आमच्या शेजारच्या क्वार्टरमधली आहे. बसमध्ये माझ्या बाजूला बसणार जाताना.

ओम : हो.

रोशनी : दोनदा?

ओम : दोनदा.

छाया : बत्तीस झाले. ... तेहतीस. ओम्या, आले, तेहतीस आले. नाचायच्या थांबल्या त्या. त्यांचे सर टेबलापाशी उभे आहेत, विचारतायत, आत्ता हे दोन कोणी चढवले?

ओम : सांग त्यांना, देवळालीनं.